धाब्याच्या घरात समुद्र

यावल तालुक्यात आमची केळी आहे. माझ्या घराच्या आतल्या खोलीत दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेच्या टाकीत खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि मऊ प्रवाळ आहेत. टाकी आणली तेव्हा आईने विचारलं होतं, "मिठाच्या पान्यात कोनी मासे पायतं का रे?" आता सकाळी टाकीचा दिवा तीच लावते. खान्देशात कुणाला ही टाकी लावायची असेल, तर मला जे कळलं ते सांगतो.

दिवाळीनंतर सुरुवात करा, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत टाकीला चार-पाच महिने मिळतात. माझ्या टाकीचं माप सव्वाशे लिटरचं; दगड-वाळू जाऊन पाणी मावतं साधारण शंभर लिटर. याहून लहान घेऊ नका, कमी पाण्यात तापमान आणि खारटपणा फार लवकर हलतो. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून लोखंडी अँगलचं स्टँड वेल्डिंग करून घ्या.

बोअरचं पाणी चालत नाही. ठिबकच्या ड्रीपरवर जो पांढरा थर बसतो, तोच क्षार इथे येतो, शिवाय नायट्रेट. आरओचं पाणी घ्या, आणि ते तांब्याच्या हंड्यात कधीही साठवू नका. पिण्याला तांबं चांगलं मानतात, पण गोगलगायी, झिंगे आणि प्रवाळ यांना ते अगदी थोडं असलं तरी मारतं. आपण शेतकरी कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतो. फवारणी करून आलात की अंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही. माझ्या घरात हा नियम मुलांनाही पाठ आहे.

मीठ स्वयंपाकाचं नको. मत्स्यालयाचं समुद्री मीठ घ्या, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतं. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलोच्या वर. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका, आणि पंप लावून दिवसभर फिरू द्या. ठिबकचा ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार विजेच्या वहनावरून मोजणारा, इथे वापरू नका. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या पुढे जातो, शेतातले बरेच मीटर त्याआधीच थांबतात. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्यावर घनतेचा आकडा १.०२५ यायला हवा.

मग वाळू आणि कोरडे सच्छिद्र खडक मांडा, आणि मासे न टाकता थांबा. शेतात युरिया टाकला की जिवाणू त्याचा अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टाकीतही तेच व्हायला हवं. चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ठेवा. चार ते सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात. किट आणून मोजा, अंदाजाने चालू नका.

आता उन्हाळ्याचं. पहिल्या वर्षी मी टाकी वरच्या स्लॅबच्या खोलीत ठेवली होती. मे महिन्यात पाणी ३३ अंशांवर गेलं आणि चार दिवसांत प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न देतं आणि बराचसा रंगही. पाणी तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि उपाशी मरतं. ते पांढरं झालेलं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या वर्षी टाकी खाली, जुन्या धाब्याच्या घरात आणली. मातीच्या जाड भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. बाहेर ४४ असलं तरी आत ३१-३२. त्यात पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला. आपली हवा कोरडी, म्हणून माठ गार होतो त्याच न्यायाने टाकीही गार होते, आणि पाणी २७-२८ वर राहतं. मात्र त्या खोलीत कूलर लावू नका, हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग उरत नाही. पावसाळ्यातही तो कमी चालतो, पण तेव्हा ऊन नसतं. स्लॅबचंच घर असेल, तर चिलरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचे पैसे आधी बाजूला काढा.

पंख्याने रोज दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. चार दिवस लक्ष दिलं नाही तर लिटरला ३५ ग्रॅमचा खारटपणा ३८ वर जातो. म्हणून काचेवर खूण करा आणि रोज सकाळी तेवढं गोडं आरओचं पाणी घाला, खारं नाही. आठवड्यातून एकदा दहा लिटर जुनं पाणी काढून तेवढंच ताजं खारं घाला. वीज गेली की गरम पाण्यात प्राणवायू झपाट्याने कमी होतो, म्हणून पाणी फिरवणारा छोटा पंप इन्व्हर्टरवर ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्याही तयार असू द्या. हिवाळ्याच्या रात्रींसाठी १०० वॅटचा हीटर लागतो.

मासे मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या पेटीत आणतो. टाकीत पैदास झालेलेच घ्या. पिशवी थेट ओतू नका. बादलीत मासे ठेवून हवेच्या बारीक नळीला गाठ मारा आणि टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब असं तासभर पडू द्या. ठिबकचा ड्रीपर इथे बसवू नका, त्याला दाब लागतो.

प्रवाळ शेवटी, दोन-तीन महिन्यांनी. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या समुद्रातून तोडून आणलेलं कुणी देत असेल, तर घेऊ नका. टाकीत वाढवलेलं झोअँथिड किंवा मशरूम नावाचं मऊ प्रवाळ घ्या, पावती मागा. पहिला तुकडा दगडावर जेलच्या सुपरग्लूने चिकटवा आणि खाली, कमी उजेडात ठेवा. निळा-पांढरा एलईडी दिवसाला आठ तास पुरे. दोन आठवड्यांनी प्रवाळाची फुलांसारखी तोंडं पूर्ण उघडली की त्याला एक पायरी वर न्या.