अनेक विणकामे आणि सूतकताई एकाच वेळी कशी सांभाळावी

एका वेळी एकच काम हाती घ्यावे आणि ते संपल्याशिवाय दुसऱ्या कामाचे टाके सुईवर घालू नयेत, हा सल्ला विणकाम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी मिळालेला असतो. ज्यांना तो पाळणे जमते त्यांनी जरूर पाळावा. मात्र सुईवर अर्धा स्वेटर, पिशवीत जोडीची वाट पाहणारा एकच मोजा, चरख्यावर अर्धी भरलेली बॉबिन (सूत गुंडाळले जाते ती नळी) आणि चातीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या कताईच्या काडीवर, थोडेसे सूत अशी स्थिती असण्यात काहीही गैर नाही. कामांची संख्या फारशी आड येत नाही. काम कोणत्या अवस्थेत थांबले होते याची नोंद नसली की खरी पंचाईत होते. त्यातही विणकाम आणि कताई यांत मोठा फरक आहे. विणलेला टाका सुईवर जसाच्या तसा थांबून राहतो आणि नंतर पाहून वाचता येतो, पण कातणाऱ्याचा हात काही आठवड्यांत बदलतो आणि तो बदल चरख्यापाशी बसल्यावर चटकन लक्षातही येत नाही. म्हणून दोन्हींची व्यवस्था वेगवेगळी लावावी लागते.

पायरी पहिली : सगळी कामे एकत्र बाहेर काढावीत

घरात जिथे जिथे अर्धवट कामे ठेवलेली असतील तिथून ती सगळी काढून एका जागी मांडावीत आणि प्रत्येकाची एका ओळीत नोंद करावी: काय आहे, कोणत्या मापाच्या सुईवर आहे, किती झाले आहे आणि लोकर किती ग्रॅम उरली आहे. उरलेली लोकर डोळ्यांनी जोखू नये, काट्यावर तोलावी. एक पूर्ण झालेला मोजा 35 ग्रॅमचा असेल आणि गुंड्यात 30 ग्रॅमच लोकर उरली असेल, तर दुसरा मोजा तेवढ्यात होणार नाही हे आजच कळते. न धुतलेली कच्ची लोकर सापडल्यास ती यादीत सर्वात वर घ्यावी. तिच्यातील नैसर्गिक चिकटपणा काळाबरोबर घट्ट होत जातो, धुणे अवघड होते आणि कसर (लोकर खाणारी कीड) हीही अशाच लोकरीला आधी लागते. बाकीची कामे थांबू शकतात.

पायरी दुसरी : कामे वेळेनुसार नव्हे, लक्षानुसार वाटावीत

सोमवारी स्वेटर, मंगळवारी शाल असे वेळापत्रक करण्याचा मोह होतो, पण ते फार दिवस टिकत नाही, कारण संध्याकाळी हातात किती वेळ आहे यापेक्षा डोक्यात किती जागा आहे यावर विणकाम अवलंबून असते. जाळीच्या विणीची शाल किंवा दोन रंगांची नक्षी यांना शांत तास आणि चांगला उजेड लागतो. सुलट टाक्यांची साधी टोपी किंवा स्वेटरची सरळ पाठ गप्पा मारताना, काहीतरी ऐकताना, रांगेत उभे राहूनही विणता येते. तेव्हा लक्ष मागणारे एक, हाताला पाठ झालेले एक आणि पिशवीत मावणारे एक अशी तीन विणकामे एकमेकांच्या आड येत नाहीत. याउलट जाळीच्या दोन शाली एकाच वेळी सुरू केल्या, तर दोघींनाही तोच शांत तास हवा असतो, आणि एकीचा नमुना दुसरीत मिसळण्याची शक्यता असते ती वेगळीच.

कताईतही हाच विचार करावा, पण तिथे वाटणी साधनावरून करणे सोपे जाते. चरखा एका जागी असतो आणि त्यावर मोठे काम चालवावे. चाती किंवा तकली सोबत नेता येते, तिच्यावर छोटे किंवा बारीक सुताचे काम ठेवावे. बारीक सुतासाठी हलकी चाती आणि जाड सुतासाठी वजनदार चाती सोयीची असते, आणि आखूड तंतूच्या कापसाला भराभर फिरणारी हलकी तकली बरी पडते, कारण आखूड तंतू एकत्र धरून ठेवायला पीळ जास्त लागतो. प्रत्येक हाताचे एक स्वाभाविक सूत असते आणि लक्ष ढळले की हात त्याच जाडीकडे ओढला जातो. म्हणून ज्यांचा हात अजून स्थिर झालेला नाही त्यांनी एकाच चरख्यावर आज बारीक आणि उद्या जाड असे करू नये. दोन जाडी हव्या असतील तर त्या दोन साधनांवर वाटाव्यात.

पायरी तिसरी : प्रत्येक कामाला स्वतःची पिशवी द्यावी

पिशवीत ते काम, त्याची लोकर, नमुन्याची प्रत, खुणेच्या रिंगा, बोथट सुई, छोटी कात्री आणि एक जाड कागदाचे कार्ड असावे. लोकरीचे मूळ लेबल फेकू नये, कारण रंगाच्या एका घाण्यातील गुंडे संपल्यावर पुढच्या घाण्यातील त्याच क्रमांकाचा रंगही किंचित वेगळा निघू शकतो आणि तो फरक अंगावर घातल्यावरच दिसतो. नमुन्याची प्रत दोन कामांत मिळून एकच ठेवू नये, आणि सुई तर मुळीच नाही: दुसऱ्या कामासाठी सुई काढून नेली आणि मापाची चिठ्ठी मागे ठेवली नाही, तर ते काम पुन्हा सुरू होणे कठीण असते. लोकरीच्या पिशव्या घट्ट बंद होणाऱ्या असाव्यात आणि त्या अधूनमधून उघडून, झटकून पाहाव्यात, कारण कसर अंधाऱ्या आणि न हलवलेल्या जागी वाढते.

पायरी चौथी : थांबण्याची रीत ठरवावी

अनेक कामे सांभाळणाऱ्याचे कौशल्य काम सुरू करण्यापेक्षा ते खाली ठेवण्यात जास्त दिसते. शक्यतो ओळ पूर्ण करूनच थांबावे. ओळीच्या मध्ये थांबणे भागच पडले, तर पुन्हा हाती घेताना ज्या सुईवरच्या टोकाच्या टाक्यातून गुंड्याचा धागा निघतो ती सुई उजव्या हातात धरावी, म्हणजे दिशा चुकत नाही (डावखुऱ्या विणणाऱ्यांनी हे उलट घ्यावे). त्यानंतर सुयांच्या टोकांना टोप्या लावाव्यात आणि पिशवी बंद करण्याआधी कार्डावर लिहावे. ‘शाल चालू आहे’ अशा नोंदीचा काही उपयोग नाही. ‘16 ओळींच्या नमुन्याची 11वी ओळ पूर्ण, पुढची 12वी, उलट बाजू समोर येईल, एकूण टाके 187’ अशी नोंद असेल तर महिन्यानंतरही पाच मिनिटांत काम हातात बसते. टाक्यांची एकूण संख्या लिहिणे विशेष महत्त्वाचे, कारण परत आल्यावर आधी तीच मोजून टाका गळलेला नाही याची खात्री करता येते.

जाळीच्या विणीसाठी एक जास्तीची काळजी घ्यावी. थांबण्यापूर्वी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत सुती धागा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून पार न्यावा, फक्त खुणेच्या रिंगांमधून नेऊ नये, नाहीतर त्या अडकून बसतात. पुढे काही चुकले आणि उसवावे लागले, तर वीण त्या धाग्यापाशी येऊन थांबते आणि टाके एकेक करून पुन्हा सुईवर घेता येतात.

काम महिन्याहून अधिक काळ पडून राहणार असेल तर टाके सुईवर ठेवूच नयेत. ते अशाच एका लांब धाग्यावर उतरवावेत आणि त्याला सुईचे माप लिहिलेली चिठ्ठी बांधावी. सुई मोकळी होते आणि सुईच्या काठावर ताणलेल्या ओळीची जी आडवी रेघ कापडात उमटते तीही टळते. टाके सुईवरच राहून गेले असतील, तर परतल्यावर ती एक ओळ उसवून पुन्हा विणावी.

मोठ्या खंडानंतर टाक्यांचा ताण पुन्हा मोजणे कुणालाही आवडत नाही, आणि नेमके तेच टाळल्याने स्वेटर बिघडतात. समजा स्वेटरच्या घेरात 200 टाके आहेत आणि सुरुवातीला 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसत होते. तर घेर 100 सेंटिमीटर झाला. मध्यंतरी बारीक मोजे विणून हात घट्ट झाला आणि आता 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसू लागले, तर तेच 200 टाके जेमतेम 91 सेंटिमीटर भरतात. म्हणून खंडानंतर चार-पाच सेंटिमीटर विणून झाले की पट्टी लावावी आणि गरज पडल्यास सुई पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाड-बारीक करावी. त्याच मापाची लाकडी सुई बदलून धातूची घेतली तरी ताण बदलू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पायरी पाचवी : कताईच्या प्रत्येक कामाचे नमुना-कार्ड करावे

कताईत सगळे काही या कार्डावर अवलंबून असते. हव्या त्या जाडीचे आणि पिळाचे सूत पहिल्या दिवशी जमले की त्यातील हातभर एकेरी सूत तोडून जाड कागदाच्या कार्डावर गुंडाळावे आणि टोके खाचेत अडकवावीत. मग ताज्या सुताचा आणखी एक तुकडा ओढून सैल सोडावा. तो स्वतःभोवती वळून आपोआप दुपदरी होतो, आणि पदर लावल्यावर, म्हणजे एकेरी सुते एकत्र वळल्यावर, सूत कसे दिसेल हे त्यातून कळते. त्याच्या टोकांना गाठ मारून तोही कार्डाला बांधावा. इथे ‘ताज्या’ या शब्दाला महत्त्व आहे, कारण बॉबिनवर काही दिवस पडून राहिलेल्या सुताचा पीळ निजतो. तो धागा सैल सोडला तरी पूर्वीसारखा वळत नाही आणि पीळ कमी पडला असा चुकीचा समज होऊन पुढचे सूत गरजेपेक्षा जास्त पिळले जाते. पाण्यात भिजवल्यावर तो पीळ पुन्हा जागा होतो.

कार्डाच्या मागच्या बाजूस तंतूचा प्रकार, पट्टा चरख्याच्या कोणत्या खाचेवर होता, कातताना चाक कोणत्या दिशेने फिरवले, किती पदर लावायचे आणि एकूण किती ग्रॅम तंतूंपैकी किती कातून झाले हे लिहावे. दिशा न लिहिता भागत नाही. एकेरी सूत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कातले असेल तर पदर उलट दिशेने लावावे लागतात, आणि दोन कामे दोन दिशांनी चालू असतील तर नुसत्या आठवणीवर विसंबू नये. पुढे प्रत्येक वेळी कातायला बसल्यावर पहिले मीटरभर सूत कार्डावरच्या धाग्याशेजारी धरून पाहावे आणि दोन्ही जुळल्यावरच पुढे जावे. याला एक मिनिट लागते.

इतके करूनही पहिल्या बॉबिनचे सूत शेवटच्या बॉबिनपेक्षा थोडे वेगळे निघतेच. त्यावर उपाय असा, की सगळे एकेरी सूत कातून होईपर्यंत पदर लावू नयेत आणि लावताना पहिली बॉबिन शेवटच्या बॉबिनबरोबर जोडावी, म्हणजे फरक सर्व लडींत सारखा वाटला जातो. स्वेटरसारख्या मोठ्या कामाचे टाकेही सगळे सूत तयार होऊन धुतल्याशिवाय घालू नयेत, आणि विणताना दोन लडी आलटून पालटून दोन-दोन ओळी विणाव्यात. घाईने निम्म्या सुतावर विणायला घेतलेल्या स्वेटरमध्ये नवे सूत नेमके कुठे सुरू झाले ते दुरूनही दिसते.

पायरी सहावी : बॉबिन आणि लांबीचा हिशोब आधी करावा

तिपदरी सुतासाठी तीन भरलेल्या बॉबिन आणि पदर लावलेले सूत घेण्यासाठी चौथी रिकामी बॉबिन लागते. चरख्यासोबत बहुधा तीन-चारच बॉबिन असतात, त्यामुळे एक तिपदरी काम अर्धवट राहिले की चरखा अडतो. अशा वेळी एकेरी सूत पुठ्ठ्याच्या नळ्यांवर नीट ताणून गुंडाळून ठेवावे आणि प्रत्येक नळीवर कामाचे नाव लिहावे. लांबीही आधी मोजावी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 400 मीटर भरणारे मोज्यांचे तिपदरी सूत हवे असेल, तर 1,200 मीटरहून अधिक एकेरी सूत कातावे लागते, कारण पदर वळताना लांबी थोडी आटते. हा आकडा समोर असला की एका जोडीच्या मोज्यांपायी चरखा किती दिवस अडकेल याचा अंदाज येतो आणि दुसरे मोठे काम त्याच काळात सुरू करण्याचा बेत आपोआप पुढे ढकलला जातो.

रंगांची सरमिसळही टाळावी. काळी लोकर पिंजल्यानंतर तिचे तंतू पिंजणीच्या दातांत अडकून राहतात आणि पुढच्या पांढऱ्या पेळूत (कातण्यासाठी पिंजून केलेल्या वळकटीत) उतरतात; एकदा का ते सुतात कातले गेले की वेचून काढणे अशक्यच. म्हणून दोन कामे सोबत चालवायची असतील तर फिकट रंग आधी पिंजून घ्यावा, गडद नंतर.

पायरी सातवी : हातांना फेरपालट द्यावा

अनेक कामे हाताशी असण्याचा हा सर्वात मोठा लाभ आहे आणि त्याचा पुरेसा उपयोग केला जात नाही. बारीक सुयांवर तासभर मोजे विणल्यावर बोटे आखडतात. त्यानंतर जाड सुईचे काम किंवा चरखा घेतला की ताण वेगळ्या स्नायूंवर जातो. दर अर्ध्या तासाने उठून खांदे आणि मनगटे मोकळी करावीत. दुखू लागले तर कामाची अदलाबदल करून भागवू नये, सरळ थांबावे.

पायरी आठवी : नवे काम केव्हा घ्यावे आणि जुने केव्हा उसवावे

नव्या कामाची परवानगी मोकळ्या सुईने द्यावी. त्या मापाची सुई, त्या प्रकारच्या लक्षाची जागा आणि पिशवी या तिन्ही गोष्टी मोकळ्या असतील तरच टाके घालावेत. दुसरा मोजा, दुसरी बाही अशा जोडीच्या कामांत पहिला भाग बंद केल्याच्या दिवशीच दुसऱ्याचे टाके घालून दोन-तीन ओळी विणाव्यात. लांब गोल सुईवर दोन्ही मोजे शेजारी शेजारी एकदमच विणता आले तर त्याहून चांगले. भेट द्यायच्या वस्तूला यादीत अग्रक्रम द्यावा आणि टाके बंद केल्यानंतरची शिवण, धुणे व सपाट पसरून वाळवणे यासाठी किमान तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत.

दर महिन्याला यादी वाचताना एखादे काम सलग अनेक वेळा मागे पडलेले दिसेल. त्याला मोकळेपणाने उसवावे. चांगली लोकर नको असलेल्या स्वेटरमध्ये अडकवून ठेवण्यात काही फायदा नाही. उसवलेला वेटोळा धागा तसाच विणू नये, त्याने टाक्यांचा ताण बिघडतो. त्याची लडी करून चार ठिकाणी सैल गाठी बांधाव्यात, कोमट पाण्यात न चोळता वीस मिनिटे भिजवावी, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि वजन न लटकवता सावलीत वाळवावी. पाण्याचे तापमान एकदम बदलू नये आणि घुसळू नये, कारण त्याने लोकर आटून तिचा नमदा होतो. वाळल्यावर लडी तोलून तिच्यावर वजन, तंतूचा प्रकार आणि ती कोणत्या सुईवर विणली होती त्याचे माप लिहावे व यादीतून त्या कामाची ओळ खोडावी.