एजंटच्या दुबार नोंदी कशा थांबल्या: माझा अनुभव

आमचे प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलद्वारे (एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याची प्रमाण पद्धत) एआय एजंटला, म्हणजे स्वतः पावले ठरवून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामला, जोडल्यावर तो एकच काम दोनदा नोंदवू लागला. उत्तर यायला उशीर झाला, तर विनंती पुन्हा पाठवण्याआधी काय तपासायचे, हे आम्ही सहकाऱ्यांना आजवर तोंडीच सांगत आलो होतो. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणून काम नोंदवणाऱ्या टूलच्या, म्हणजे एजंट वापरतो त्या सुविधेच्या, वर्णनात मी ‘आधी याच शीर्षकाचे काम शोधा; सापडल्यास त्याचाच क्रमांक वापरा’ असे स्पष्ट लिहिले, जेसन स्कीमात (टूलला द्यायच्या माहितीच्या ठरीव साच्यात) कामाच्या स्थितीची चारच मूल्ये ठेवली आणि ‘विनंती अमान्य’ या त्रोटक संदेशाऐवजी पुढची ग्राह्य स्थिती सांगणारा संदेश दिला. हा शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चूक झाल्यावर एजंट तोच मजकूर वाचून पुढचे पाऊल ठरवतो. दुबार नोंदी त्यानंतर थांबल्या.