नोकरी आणि घर सांभाळून ऑनलाइन कोर्स कसा पुरा करावा: एका संशयी प्रोग्रामरची पद्धत

कोर्स निवडण्याआधी या धंद्याचे गणित नीट पाहून घ्यावे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी 2012 साली सुरू केलेल्या एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील त्यांच्याच कोर्सांची आकडेवारी 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली, तेव्हा 2017-18 मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी कोर्स पुरा केल्याचे दिसले. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण 46 टक्के होते. पैसे भरले की शिस्त आपोआप येते, असा सोयीचा अर्थ विकणारे यातून काढतील. माझ्या मते ज्याला कोर्स पुरा करायचाच असतो, तोच मुळात पैसे भरतो. आज रात्री बारा वाजता संपणारी सवलत पुढच्या आठवड्यात हमखास परत येते, तेव्हा घड्याळ पाहून काहीही विकत घेऊ नये.

विषय निवडताना अप्रेझलच्या फॉर्ममधला ‘अपस्किलिंग’चा रकाना आणि लिंक्डइनवरील अभिनंदनांचा पूर, या दोहोंकडे पाठ फिरवावी. दर दोन वर्षांनी ‘हे शिकला नाहीत तर संपलात’ अशी हाकाटी होते आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा स्वतःचा कोर्स विकायला असतो. त्याऐवजी गेल्या महिन्याभरात कामावर कुठे अंदाजाने वेळ मारून नेली, ते आठवावे. डेटाबेसमधून माहिती मागणारी क्वेरी मंद चालते म्हणून इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधाची सोय) टाकला, ती वेगाने चालू लागली, पण का ते सांगता आले नाही, तर आपला विषय डेटाबेस आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता थोडी थांबू शकते.

यानंतरची पायरी बहुतेक मार्गदर्शक गाळतात: वेळ कोणाच्या खिशातून येणार, हे ठरवणे. अमेरिकेतल्या क्लायंटसोबतचे कॉल रात्री साडेनऊपर्यंत चालणाऱ्या हिंजवडीतल्या माणसाकडे स्वतःचा मोकळा वेळ जवळपास नसतोच. तो ज्याला ‘माझे दोन तास’ म्हणतो, त्या दोन तासांत मुलांना झोपवणे, ओटा आवरणे आणि सासूबाईंचा फोन घेणे ही कामे दुसरे कोणीतरी करत असते. म्हणून नाव नोंदवण्याआधी जोडीदाराशी बोलावे आणि बोलताना स्वप्ने न सांगता वार, वेळ आणि शेवटची तारीख सांगावी: ‘बारा आठवडे, मंगळवार आणि गुरुवारी सकाळी सहा ते साडेसात, त्या बदल्यात शनिवारचा स्वयंपाक आणि मुलांचे क्लास माझ्याकडे.’ ‘हे सगळे आपल्या घरासाठीच चालले आहे’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे, कारण ऐकणाऱ्याला पगारवाढीचा इतिहास आपल्याइतकाच पाठ असतो. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली यंत्रणा, बंद पडल्यामुळे एखादा गुरुवार बुडाला, तर तो कोर्सच्या खात्यातून बुडाला असे धरावे. भरपाई म्हणून रविवार मागू नये. जोडीदारही याच क्षेत्रात असेल, तर एका वेळी घरात एकानेच कोर्स करावा.

शिकताना व्हिडिओ पाहणे हा त्यातला सोपा भाग असतो आणि तोच अभ्यास वाटतो. वीस मिनिटे पाहून झाल्यावर व्हिडिओ बंद करावा, रिकामी फाईल उघडावी आणि पाहिलेले न बघता करून पाहावे. इंडेक्सचेच उदाहरण घ्यायचे, तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दहा लाख ओळींचा टेबल तयार करावा, एका ग्राहकाची नोंद शोधणारी क्वेरी, ती कशी चालली ते दाखवणारे ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून चालवावी आणि सगळा टेबल चाळला जातो हे डोळ्यांनी पाहावे. मग इंडेक्स टाकून तीच क्वेरी पुन्हा चालवावी. खरी गंमत त्यापुढे आहे: ज्या अटीत टेबलातल्या बहुतेक ओळी बसतात, अशी अट द्यावी आणि डेटाबेस आपला नवाकोरा इंडेक्स बाजूला सारून पुन्हा सगळा टेबल चाळतो, हे बघावे. असे का होते, हे कोणाला तरी पाच वाक्यांत सांगता आले की तो धडा झाला. निवेदकाच्या मागून अक्षर न अक्षर टाइप केलेला कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर छान दिसतो, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

स्वतःच्या शिस्तीवर भरवसा नसेल, तर बाहेरची तारीख लावून घ्यावी. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमात कोर्सला प्रवेश विनामूल्य असतो, दर आठवड्याला असाइनमेंट येते आणि प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षेला बसावे लागते. तिथल्या फळ्यापुढच्या व्याख्यानांना झगमगाट नसतो, पण विषय खालच्या थरापासून शिकवला जातो. परीक्षेची तारीख कळताच ती घरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि त्या आठवड्यात रिलीज (नवी आवृत्ती बाहेर काढण्याचे काम) नसल्याची मॅनेजरकडून लेखी खात्री करून घ्यावी; तोंडी आश्वासने स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्याच्या, शेवटी टिकत नाहीत.

चौथ्या आठवड्यानंतरही कोर्स आणि आपले काम यांचा सांधा जुळत नसेल, तर तो सोडून द्यावा, घरी तसे स्पष्ट सांगावे आणि मंगळवार-गुरुवारच्या सकाळी परत कराव्यात. शनिवारचा स्वयंपाक मात्र ठरल्याप्रमाणे बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावा.