गल्लीतली बाग सुधारायची? आधी तिथं जाऊन बसा

जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे पहिल्यांदा बघा. बेळगावच्या बऱ्याच लेआउटमध्ये बाग 'बुडा'नं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं, सोडलेली असते आणि महापालिकेकडे सोपवलेली नसते. मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत बसाल. कर्नाटकात उद्यानं आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी 1985 चा कायदा आहे. बागेच्या कोपऱ्यात कुणी समाजमंदिर किंवा गाळे घुसवायला बघत असेल तर तो उपयोगी पडतो. टेप घेऊन मोजमाप करा, कागदावर आराखडा काढा, झाडं मोजा. हे एका सकाळचं काम आहे.

खरी गोची लोकांना विचारण्यात आहे. "मीटिंग बोलवा, सूचना घ्या" असं जो तो सांगतो. आम्हीही तेच केलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता देवळाच्या सभागृहात चहा-चिवड्यासकट चाळीस माणसं जमली. जवळजवळ सगळे निवृत्त, सगळे सकाळी फिरणारे. ठराव काय झाला असणार? चालायचा ट्रॅक. तो झाला, पेव्हर ब्लॉकचा, बागेच्या बरोबर मधून. पोरांचं क्रिकेट दोन तुकड्यांत गेलं, म्हणून त्यांनी ब्लॉकच उपटून स्टंपाला लावले. मला राग आला होता, पण चूक आमची होती. पोरांना विचारलं होतं कुणी?

बायकांचंही तसंच. आमच्याकडे वडगाव-खासबागेत घराघरांत माग. माग बंद झाला की बायका संध्याकाळी सात-साडेसातला जरा वाऱ्याला येऊन बसतात. रविवारी अकराला त्या स्वयंपाकात. शेजारच्या काकूंना मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "ट्रॅक छान हाय की ओ, पण अंधारात बसायचं कुठं?" आख्ख्या आराखड्यात त्या कोपऱ्यात एक दिवा नव्हता.

तेव्हापासून मी मीटिंग सगळ्यात शेवटी घेतो. आधी एक आठवडा बागेत जाऊन बसायचं: पहाटे सहाला, दुपारी, पोरांची शाळा सुटल्यावर आणि रात्री आठला. वहीत फक्त एवढंच लिहायचं, कोण आलं, कुठं बसलं, कुठून कुठं गेलं. गवत झिजून पडलेली पायवाट खरी वाट समजा. तिच्यावर फुलझाडं लावलीत तर महिन्यात तुडवली जातील.

विचारतानाही "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका. ह्या प्रश्नाला ठरलेली उत्तरं येतात: कारंजं, ओपन जिम, पुतळा. कारंजं दोन वर्षांत बंद पडतं आणि त्यात डास होतात. त्यापेक्षा "तुम्ही इथं कधी येता? का येत नाही?" असं विचारा. न येणाऱ्यांकडून जास्त कळतं. व्हॉट्सॲपवरच्या मतदानाच्या तर नादीच लागू नका, त्यात ज्याचा ग्रुप मोठा त्याचं मत मोठं. चिठ्ठी आणि फलक मराठी-कन्नड दोन्हीत लावा, उर्दू बोलणाऱ्यांची वस्ती असेल तिथं उर्दूतही.

मग आराखडा कागदावर दाखवायचा नाही. कागदाला सगळे मान डोलावतात, नकाशा कळतो चौघांनाच. पोतंभर चुना आणा आणि संध्याकाळी जमिनीवर खऱ्या मापात आखा. ट्रॅक सहा फुटी, म्हणजे दोघं शेजारी चालतात. बाकं, घसरगुंडी, दिव्याचा खांब, सगळं आखा. बाकाच्या जागी घरची खुर्ची ठेवा. आमच्याकडं एक आजी त्या खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठल्या. म्हणाल्या, "पाच वाजता ऊन थेट डोळ्यांत येतंय." खुर्ची झाडापलीकडं गेली. वाद घालायचाच तर चुन्यावर उभं राहून घाला. पोरंसुद्धा तिथं बोलतात. त्यांनी स्वतः ट्रॅक कडेला सरकवून दिला.

दोन गोष्टींवर मी ऐकून घेत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडायची, सिमेंट नको. आणि शहापूर-वडगावकडच्या काळ्या मातीत खडीचा पाया नीट दाबल्याशिवाय ब्लॉक बसवायचे नाहीत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वरखाली होतात. पाणी कुठं साठतं ते जुलैत बघून ठेवा.

झाड तोडायचं असेल तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, तोंडी होकार चालत नाही.

अर्ज नगरसेवकाच्या पत्रासकट द्या, बजेटच्या आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत. कन्नडमध्ये लिहा. भाषेवर माझंही मत आहे, पण बाकासाठी त्या टेबलावर भांडण नको. सोबत चुन्याच्या रेघांचे फोटो आणि सह्या जोडा, आणि पोहोचीचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. काम सुरू होईल त्या दिवशी ते फोटो घेऊन ठेकेदाराच्या आधी बागेत हजर राहा. त्याची माणसं दोरी लावायला लागली की टेप काढा.