दोन सर्व्हर, एक स्टोरेज: फेलओव्हर क्लस्टरची हार्डवेअर जोडणी

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावरचा सर्व्हर पडला, की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर जायला वेळ लागत नाही. मिरजेच्या हॉस्पिटलांत बिलिंग आणि लॅब रिपोर्टचं तेच. म्हणून दोन सर्व्हरचं फेलओव्हर क्लस्टर बसवतात: एक पडला की दुसरा काम उचलतो. पण सर्व्हर दोन घेतले तरी डेटा ज्या पेटीत असतो ती पेटी एकच. त्या पेटीकडे जाणारा प्रत्येक रस्ता दुहेरी आहे का, आणि तो उपटून पाहिलाय का, यावरच क्लस्टरची किंमत ठरते. इथे विंडोज सर्व्हरचे दोन नोड (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर), व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही आणि ड्युअल कंट्रोलरची, म्हणजे डिस्क सांभाळणारे दोन बोर्ड असलेली आयस्कझी स्टोरेज पेटी अशी जोडणी धरली आहे. आयस्कझी म्हणजे नेटवर्क केबलवरून सर्व्हरला डिस्क द्यायची पद्धत. लिनक्सवर पेसमेकर हे क्लस्टर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही केबल आणि विजेचा भाग तसाच लागू पडेल.

खरेदीआधी तीन प्रश्न

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: पेटीला स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन येतं का? हे म्हणजे पाण्याच्या पाळीसारखं आहे. ज्याची पाळी त्यानेच दार उघडायचं. दोघांनी एकदम उघडलं तर दोघांचंही रान बिघडतं. क्लस्टरमधला प्रत्येक नोड डिस्कवर आपली किल्ली नोंदवतो आणि डिस्कचा ताबा कोणाकडे हे रिझर्व्हेशन ठरवतं. हे नसेल तर विंडोज त्या डिस्कला क्लस्टरमध्ये घेत नाही. स्वस्तातल्या नॅस (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या) पेट्यांवर आयस्कझी असतं, पण काही मॉडेलवर नेमकं हेच नसतं. उत्तर लेखी घ्या.

दुसरा प्रश्न: कंट्रोलर दोन आहेत का, आणि त्यांची कॅशे (लिखाण तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) एकमेकांत मिरर होते का? कॅशेला बॅटरी किंवा सुपर-कपॅसिटर हवाच, नाहीतर लाईट गेल्यावर कॅशेत अडकलेलं लिखाण गेलं. एका कंट्रोलरची पेटी घेऊन दोन सर्व्हर लावणं म्हणजे एका दोराला दोन बादल्या बांधणं.

तिसरा प्रश्न डिस्कचा. एसएएस किंवा निअरलाइन एसएएस डिस्कला दोन पोर्ट असतात, म्हणून दोन्ही कंट्रोलर तिच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोचतात. साटा डिस्कला पोर्ट एकच. कोटेशनमध्ये ‘साटा’ दिसलं तर थांबा.

दोनच सर्व्हर, तेही एकाच रॅकमध्ये आणि पुढे वाढवायचे नसतील, तर स्विचच्या भानगडीत पडू नका. एसएएस होस्ट पोर्टची पेटी घ्या, प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन पोर्टचं एसएएस एचबीए कार्ड टाका आणि चार केबलींत काम संपवा. कार्ड एचबीएच (पेटीपर्यंत नुसता रस्ता देणारं) हवं, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारं) कार्ड नको. रेड करायचं काम पेटीचं आहे. पण तिसरा नोड येण्याची शक्यता असेल तर आयस्कझी आणि दोन स्विच हा रस्ता बरा. पुढचं सगळं त्याच रस्त्याने.

सामान

सारख्या मॉडेलचे दोन सर्व्हर, प्रत्येकात दोन पॉवर सप्लाय. स्टोरेजसाठी प्रत्येकात १० गिगाबिटचे दोन पोर्ट, शक्यतो दोन वेगळ्या कार्डांवर, म्हणजे एक कार्ड जळलं तरी दुसरा रस्ता चालू राहतो. लॅन आणि क्लस्टरच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळे पोर्ट. स्टोरेजसाठीच राखलेले १० गिगाबिटचे दोन स्विच, एकाला लाल म्हणू, दुसऱ्याला निळा. पेटीच्या प्रत्येक कंट्रोलरवर दोन पोर्ट. केबली आठ: चार सर्व्हरकडून, चार पेटीकडून. रॅक एकच असेल तर तीन मीटरच्या तांब्याच्या डीएसी केबली पुरतात. लाल चार आणि निळ्या चार घ्या, शिवाय प्रत्येक रंगाची एक जादा. आरजे-४५ पोर्ट असतील तर कॅट-६ए वापरा.

डिस्क सात: १.९२ टीबीच्या सहा एसएएस एसएसडी रेड १० मध्ये आणि सातवी हॉट स्पेअर, म्हणजे एक गेली की तिची जागा आपोआप घेणारी. रेड १० मध्ये निम्मी जागा जाते, म्हणजे हातात ५.७६ टीबी, विंडोज ती ५.२४ च्या आसपास दाखवेल. जागा कमी झाली म्हणून घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. जागा वाचवायला रेड ५ करण्याचा मोह होतो. व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेसच्या लहान-लहान लिखाणाला तो जड जातो, आणि एक डिस्क गेल्यावर रीबिल्ड चालू असताना दुसरी गेली तर सगळंच जातं.

जागा आणि वीज

सांगलीत रॅकची जागा ठरवताना आधी कृष्णेचा विचार करायचा. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूरपट्ट्यातल्या इमारतीत रॅक तळमजल्यावर ठेवूच नका. हे बहुतेकांना पटतं. चूक होते ती यूपीएसमध्ये. रॅक वर चढतो आणि यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या, चेंजओव्हर स्विच मात्र जिन्याखाली राहतात. पाणी आलं की वरचं सगळं कोरडं राहूनही बंद. बॅटऱ्यांचं वजन बरंच असतं, तेव्हा वर चढवण्याआधी स्लॅबबद्दल विचारून घ्या.

यूपीएस दोन, दोन्ही ऑनलाइन प्रकारचे. दोन सर्व्हर प्रत्येकी ४०० वॅट, पेटी ४०० वॅट आणि स्विच मिळून साधारण १.३ ते १.४ किलोवॅट धरा. एक यूपीएस गेला तर सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून प्रत्येकी ३ केव्हीएचा घ्या आणि नेहमीचा लोड कोणावरही ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक यंत्राचा डावा पॉवर सप्लाय पहिल्या यूपीएसला, उजवा दुसऱ्याला. एकच पॉवर सप्लाय असलेला स्विच ज्या रंगाचा असेल त्या रंगाच्या यूपीएसवर: लाल स्विच पहिल्यावर, निळा दुसऱ्यावर. दोन्ही स्विच एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसले तर बाकीची सगळी मेहनत वाया.

अर्थिंग मल्टिमीटरने बघा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर पेटी चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

धुळीचंही बघावं लागतं. मार्केट यार्डाजवळच्या इमारतीत हळदीची बारीक भुकटी आणि कारखान्यावर बगॅसचा भुसा पंख्यातून आत ओढला जातो, हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसतो आणि पंखे सतत मोठ्याने फिरू लागतात. रॅकच्या दाराला फिल्टर लावा आणि हंगामात दर पंधरवड्याला झटका.

केबल

नियम एकच. लाल केबली लाल स्विचमध्ये, निळ्या निळ्यात, आणि दोन्ही स्विच एकमेकांना जोडायचे नाहीत. प्रत्येक सर्व्हरचा पहिला पोर्ट लाल, दुसरा निळा. प्रत्येक कंट्रोलरचाही पहिला पोर्ट लाल, दुसरा निळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पहिला कंट्रोलर पूर्ण लाल आणि दुसरा पूर्ण निळा जोडणं. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण मग लाल स्विच गेला की पहिला कंट्रोलर धडधाकट असूनही कोणालाच दिसत नाही.

डीएसी केबल आत ढकलताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग ती हलकेच मागे ओढून बघा. निघून आली तर खटका बसलाच नव्हता. अशी अर्धवट बसलेली केबल दिवा हिरवा दाखवते आणि रॅकचं दार आपटल्यावर सुटते. दोन्ही टोकांना लेबल लावा: ‘नोड१-लाल’, ‘कंट्रोलर-ए-निळा’.

पत्ते सोपे ठेवा. लाल जाळं १०.१०.१०.x, निळं १०.१०.२०.x, दोन्हीत नोड ११ आणि १२, कंट्रोलर १०१ आणि १०२. स्टोरेजच्या कार्डांना गेटवे द्यायचा नाही, डीएनएस नोंदणीची खूण काढायची. या दोन कार्डांचं टीमिंगही (दोघांना मिळून एक कार्ड बनवणं) करू नका. दोन रस्ते सांभाळायचं काम एमपीआयओ या विंडोजच्या मल्टी-पाथ फीचरचं.

जंबो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटऐवजी डेटाची मोठी पाकिटं) वापरायची असेल तर सर्व्हर, स्विच आणि पेटी तिन्हीकडे ९००० करा. मग ‘तुकडे करू नको’ हा पिंगचा पर्याय आणि ८९७२ बाइट लांबी देऊन प्रत्येक नोडवरून प्रत्येक कंट्रोलर पोर्टला पिंग करा. मधे एक जरी जागा राहिली तर साधा पिंग चालतो, लॉगिन होतं, डिस्कही दिसते आणि मोठी फाइल कॉपी करताना सगळं थिजतं. माणूस दोन दिवस डिस्कमध्ये दोष शोधत बसतो. शंका असेल तर १५०० वरच राहू द्या.

पेटीवरचं काम

रेड ग्रुप आणि हॉट स्पेअर झाल्यावर दोन लन (पेटी सर्व्हरला एकेक डिस्क म्हणून दाखवते ते भाग) करा: १ जीबीचा क्वोरमसाठी, बाकीचा व्हर्च्युअल मशीनसाठी, थोडी जागा स्नॅपशॉटला राखून. क्वोरमला किमान ५१२ एमबी लागते. क्लस्टर कोणी चालवायचं हे मतांनी ठरतं आणि दोन नोडच्या क्लस्टरमध्ये हा लन तिसरं मत म्हणून काम करतो, तेव्हा तो टाळू नका. बॅकअप या पेटीवर ठेवायचा नाही.

दोन्ही सर्व्हरची आयक्यूएन (आयस्कझीवरची ओळख) नावं घेऊन पेटीवर होस्ट ग्रुप बनवा आणि लन त्या ग्रुपलाच द्या. मॅपिंग ‘सगळ्यांना’ असं मोकळं सोडलं तर त्या जाळ्यात लावलेला कोणाचाही लॅपटॉप डिस्क इनिशियलाइज करू शकतो. चॅप (आयस्कझी लॉगिनचा) पासवर्ड लावणार असाल तर विंडोजसाठी तो १२ ते १६ अक्षरांचाच ठेवा. कमी-जास्त झाला तर लॉगिन होत नाही आणि दोष केबलवर ढकलला जातो.

सर्व्हरवरचं काम

दोन्ही नोडवर फर्मवेअर आणि नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर एकाच आवृत्तीचे करा. मग एमपीआयओ फीचर बसवा, त्याच्या ‘डिस्कव्हर मल्टी-पाथ्स’ पानावर आयस्कझी डिव्हाइसचा सपोर्ट जोडा आणि रीस्टार्ट करा. हे आधी, जोडणी नंतर. उलटं केलं तर एकच लन डिस्क मॅनेजमेंटमध्ये चार वेळा दिसतो.

आता आयस्कझी इनिशिएटर उघडा, कंट्रोलरचे चारही पत्ते पोर्टल म्हणून द्या. ‘कनेक्ट’ करताना मल्टी-पाथची खूण करा आणि ॲडव्हान्स्डमध्ये आपला पत्ता व पेटीचा पत्ता दोन्ही हाताने निवडा: लाल कार्डावरून ए आणि बी, निळ्यावरून ए आणि बी. असं चार वेळा. ‘डिफॉल्ट’ तसंच ठेवलं तर सेशन चार दिसतात पण चारही एकाच केबलवरून जाऊ शकतात. फेव्हरिट टार्गेटची खूण करायची राहिली तर पुढच्या रीस्टार्टला डिस्क गायब होते.

डिस्कच्या एमपीआयओ पानावर चार पाथ दिसले पाहिजेत. धोरण ‘राउंड रॉबिन विथ सबसेट’ ठेवा, म्हणजे लन ज्या कंट्रोलरचा आहे त्याचेच दोन पाथ रोज वापरले जातील. पेटी बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका.

पुढची पायरी जपून. डिस्क फक्त पहिल्या नोडवर ऑनलाइन करा, जीपीटी, बेसिक, एनटीएफएस, मोठ्या लनला ६४ केबी अलोकेशन युनिट. दुसऱ्या नोडवर ती ऑफलाइन दिसते एवढंच बघा आणि हात मागे घ्या. क्लस्टर होण्याआधी दोन्हीकडे ऑनलाइन केली तर दोन्ही विंडोज एकमेकांच्या नकळत लिहितात आणि फाइल सिस्टिम फाटते. फॉरमॅटच्या वेळी रीएफएस ही विंडोजची दुसरी फाइल सिस्टिम निवडू नका. अशा पेटीवरच्या क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूमवर (दोन्ही नोड एकदम वापरतात ती डिस्क) ती रीडायरेक्टेड मोडमध्ये चालते, म्हणजे एका नोडचं लिखाण नेटवर्कवरून दुसऱ्याकडून फिरून जातं.

आता फेलओव्हर क्लस्टरचा व्हॅलिडेशन (तपासणी) विझार्ड सगळ्या टेस्टसह चालवा, डेटा टाकण्याआधीच. स्टोरेजच्या टेस्टमध्ये डिस्क ऑफलाइन जातात, म्हणून चालू क्लस्टरवर हा भाग कधीच चालवू नका. पर्सिस्टंट रिझर्व्हेशनच्या ओळीत लाल फुली आली तर पेटीचं फर्मवेअर आणि लनची सेटिंग बघा. ती फुली डोळ्याआड करून पुढे जाता येत नाही. क्लस्टर झाल्यावर लाल आणि निळ्या जाळ्यांना क्लस्टरच्या बोलण्यासाठी ‘नाही’ म्हणा, मोठा लन शेअर्ड व्हॉल्यूममध्ये घाला, लहान लन क्वोरमचा विटनेस, म्हणजे तिसरं मत, करा.

उपटून बघणे

एका व्हर्च्युअल मशीनमध्ये मोठी फाइल कॉपी करायला लावा, बाहेरून तिला सतत पिंग चालू ठेवा आणि मग एकेक गोष्ट तोडा: नोडची लाल केबल, लाल स्विचची वीज, एक डिस्क, पहिला कंट्रोलर, पहिला यूपीएस, आणि शेवटी चालत्या नोडच्या विजेच्या दोन्ही वायरी. केबल आणि स्विचला कॉपी क्षणभर अडखळते आणि पुढे जाते. कंट्रोलर बदलताना काही सेकंद थांबते. नोड मेला तर मशीन दुसरीकडे नव्याने बूट होतं. तिथे काही मिनिटं जातातच, आणि हे मालकाला आधी सांगून ठेवावं. प्रत्येक चाचणीनंतर चारही पाथ परत आले का ते मोजा, मगच पुढची. तीनच पाथवर पुढची केबल काढली तर जे पडतं त्याचं कारण सापडत नाही. डिस्क काढली असेल तर रीबिल्ड पूर्ण होईपर्यंत बाकीच्या चाचण्यांना हात लावू नका.

पूर्ण अंधार झाल्यावर परत चालू करायचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवा: आधी दोन्ही स्विच, मग पेटी, दोन्ही कंट्रोलरचे दिवे स्थिर हिरवे होईपर्यंत थांबा, मग क्लस्टरबाहेर ठेवलेला डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर), त्यानंतर नोड १ आणि शेवटी नोड २. बंद करताना याच्या उलट. सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप चालू’ असेल तर त्याला पाच-सात मिनिटांचा उशीर द्या, कारण पेटीला उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि रात्री दोन वाजता लाईट येते तेव्हा कागद वाचायला तिथे कोणी नसतं.