मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन: आधी कागदावर, मग पोर्टवर

दवाखाना असो की सीएचं ऑफिस, बहुतेक ठिकाणी हिशेबाचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि बाहेर ताटकळणाऱ्या माणसाचा मोबाइल एकाच नेटवर्कवर असतात. रेकॉर्डरचा पासवर्ड कच्चा असेल तर बाकड्यावर बसूनही कॅमेरे उघडता येतात. हे वेगळं करायला तीन स्विच घ्यायची गरज नाही. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर आतून वेगळी केलेली नेटवर्कं, करता येणारा एक मॅनेज्ड किंवा 'स्मार्ट' (सेटिंग बदलता येणारा) स्विच पुरतो. मात्र राउटर आणि वायफायचा अॅक्सेस पॉइंट यांनाही व्हीलॅन कळायला हवेत. इंटरनेट कंपनीच्या डब्यात ही सोय बऱ्याचदा नसते, तेव्हा त्याच्यामागे आपला राउटर लावावा.

पायरी 1: कागद

आठ पोर्टचा स्विच धरू. व्हीलॅन 10 ऑफिससाठी, 20 कॅमेऱ्यांसाठी, 30 पाहुण्यांच्या वायफायसाठी. 802.1क्यू या मानकात नंबरासाठी 12 बिट असतात, त्यामुळे 1 ते 4094 मधला कुठलाही नंबर चालतो. पण आयपीचा तिसरा आकडा तोच ठेवा: ऑफिसला 192.168.10, कॅमेऱ्यांना 192.168.20. मग पत्ता पाहताच यंत्र कुठल्या भागात आहे ते कळतं.

पोर्ट 1 राउटरला, 2 ते 4 ऑफिसला, 5 आणि 6 कॅमेरे-रेकॉर्डरला, 7 अॅक्सेस पॉइंटला. पोर्ट 8 च्या सेटिंगला हात लावू नका. मुळात सगळे पोर्ट व्हीलॅन 1 मध्ये असतात आणि स्विचचं सेटिंगचं पानही तिथूनच उघडतं. लॅपटॉप 8 मध्ये लावूनच काम करा, म्हणजे काही चुकलं तरी स्विचमधून बाहेर फेकले जाणार नाही.

पायरी 2: व्हीलॅन आणि टॅग

लॉगिन करून पासवर्ड बदला आणि 802.1क्यू व्हीलॅन चालू करा. शेजारीच 'पोर्ट बेस्ड' असा पर्याय दिसेल, तो इथे कामाचा नाही.

आता 10, 20, 30 तयार करून पोर्ट भरा. टॅग म्हणजे डेटाला चिकटवलेला व्हीलॅनचा नंबर. नियम सोपा आहे: साधं यंत्र जोडलेला पोर्ट अनटॅग्ड, आणि एकाच वायरीतून अनेक व्हीलॅन न्यायचे असतील तो पोर्ट टॅग्ड. म्हणून 2 ते 4 हे 10 मध्ये अनटॅग्ड, 5 आणि 6 हे 20 मध्ये अनटॅग्ड. पोर्ट 1 तिन्हींत टॅग्ड. पोर्ट 7 हा 10 आणि 30 मध्ये टॅग्ड, कारण कॅमेऱ्यांचं वायफायवर काही काम नाही. 1 आणि 7 व्हीलॅन 1 मध्ये अनटॅग्ड राहू द्या. अॅक्सेस पॉइंटचं सेटिंग तिथून होतं.

पायरी 3: पीव्हीआयडी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. व्हीलॅनची यादी फक्त पोर्टमधून बाहेर काय जाईल ते ठरवते. आत येणारा बिनटॅगचा डेटा कुठल्या व्हीलॅनमध्ये धरायचा, ते पीव्हीआयडी ठरवतो, आणि स्वस्त स्विचवर तो वेगळ्या पानावर हातानं बदलावा लागतो. 2 ते 4 ला 10 आणि 5-6 ला 20 द्या, मग हे पाचही पोर्ट व्हीलॅन 1 मधून काढा. पीव्हीआयडी 1 च राहिला आणि पोर्ट मात्र व्हीलॅन 1 मधून निघाला, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळत नाही आणि तो स्वतःच 169.254 नं सुरू होणारा पत्ता घेतो. तो दिसला की वायर बदलत बसू नका, आधी हे पान उघडा.

सिस्को कंपनीच्या स्विचवर पोर्ट 'अॅक्सेस' (एकाच व्हीलॅनचा) केला की हे आपोआप होतं. तिथला खड्डा वेगळा आहे: ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) चालणाऱ्या व्हीलॅनच्या यादीत नवा नंबर घालताना 'अॅड' हा शब्द राहिला, तर जुनी यादी पुसून तेवढा एकच नंबर उरतो आणि बाकीचं ऑफिस बंद पडतं.

पायरी 4: राउटर आणि खात्री

राउटरवर तिन्ही व्हीलॅनचे इंटरफेस (प्रत्येक व्हीलॅनसाठी राउटरचं टोक) आणि डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) करा. इथेच थांबू नका. फायरवॉलचा नियम नसेल तर बरेच राउटर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात बिनदिक्कत डेटा सोडतात, मग स्विचवरची सगळी मेहनत फुकट. 30 मधून फक्त इंटरनेट, 20 मधून बाहेर काहीच नाही, 10 मधून रेकॉर्डर दिसेल, एवढं ठेवा. मोबाइलवर कॅमेरे पाहायचे असतील तर रेकॉर्डरपुरती सूट द्या.

मग पाहुण्यांच्या वायफायवरून रेकॉर्डरचा पत्ता पिंग करा. उत्तर आलं तर काम अर्धवट आहे. सगळं जमलं की सेव्ह दाबा. अनेक स्विचवर 'अप्लाय' केलेलं फक्त मेमरीत असतं. लाइट गेली की गेलं. बॅकअप फाइलही उतरवून घ्या.

लक्ष कसं ठेवावं

एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ लावून घेणारी सोय) चालू करून टाइम झोन यूटीसीच्या साडेपाच तास पुढे लावा. बऱ्याच स्विचचं घड्याळ लाइट गेली की मागे जातं, मग लॉगमधल्या वेळा वाचून काही उलगडत नाही.

स्विचमध्ये एसएनएमपी (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून स्विचचे आकडे वाचायची सोय) असेल तर झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस ही फुकटची साधनं आलेख काढतात. 'पब्लिक' हा ठरावीक परवलीचा शब्द तेवढा बदला, आणि डेटा मोजणारे 64 बिटचे काउंटर निवडा. गिगाबिट लिंक भरून वाहत असेल तर 32 बिटचा बाइट काउंटर साधारण 34 सेकंदांत शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलेला आकडा मग निव्वळ गंमत असतो. एक लक्षात घ्या, साधे स्विच मोजतात ते पोर्टनुसार, व्हीलॅननुसार नाही. पाहुण्यांनी किती डेटा ओढला हे राउटरच्या व्हीलॅन 30 इंटरफेसवर पाहायचं.

एसएनएमपी नसेल तर महिन्यातून एकदा दोन पानं उघडा. पोर्टच्या आकडेवारीत सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढत असतील तर आधी वायर किंवा क्रिम्पिंग तपासा, व्हीलॅनचा त्यात दोष नसतो. दुसरं पान मॅक टेबलचं, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठल्या यंत्राचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा नंबर) आहे त्या यादीचं: व्हीलॅन 20 मध्ये कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांपलीकडचा पत्ता दिसला, तर तो कुठल्या पोर्टवर आहे ते बघून तिथली वायर कुणी कशात लावली आहे ते शोधा.