ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? आधी कॅबिनेट उघडा

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, तर पंख्यावर वात वळता येईल एवढे सुताचे तंतू! त्यामुळे पहिलं काम ब्रशचं. कधी कधी गेम नुसत्या गरमीनंच अडखळतो, आणि कार्डाचे पैसे वाचतात.

मग पॉवर सप्लायवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या वायरीतून आणखी १५०. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॅट लागतात, आरटीएक्स ४०६० ला ११५. आमच्या सप्लायवर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट. खरा आकडा हाच, आणि त्यात बाकीचा कॉम्प्युटरही चालवायचा. मी तो न बघताच ३०६० आणलं आणि गेम सुरू झाला की कॉम्प्युटर गप्प! सप्लायही नवा घ्यावा लागला. भाऊ अजून चिडवतो.

१०८०पी (फुल एचडी) मॉनिटरला ८ जीबी मेमरीचं कार्ड बघा. ४ जीबीवर आता पैसे घालू नका. ४०६० स्लॉटमधल्या आठच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं, म्हणून पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डावर वेग थोडा कमी मिळतो. कार्ड मावेल का, हे बघायला कॅबिनेटमधली जागा पट्टीनं मोजा.

जुनं कार्ड घेताय? दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान बघा. आणि जानेवारीत बघितलंत, तर मे महिन्यातलं आपलं ऊन मनात धरूनच बघा.